मेंदूच्या गाठीची ही चाचणी मोफत हवी

महोदय,
ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूची अत्यंत आक्रमक गाठ. टेमोझोलोमाइड हे औषध तिच्या पेशींच्या डीएनएला इजा करते. पण एमजीएमटी जनुकापासून बनणारे प्रथिन ती इजा दुरुस्त करते आणि पेशी वाचते. या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) चिकटले, की जनुक सहसा बंद पडते. जनुकाचा मजकूर तोच, कुलूप तेवढे लागलेले! गाठीत हे कुलूप आहे का, ते पाहते ती एमजीएमटी चाचणी. कुलूप असलेल्या रुग्णांना औषधाचा जास्त फायदा होतो, हे २००५ मध्येच दिसून आले आहे. वयस्क रुग्णाला रेडिएशन द्यावे की या औषधाच्या गोळ्या, हेही त्यावरून ठरवता येते. गडचिरोली, बालाघाटहून कुटुंबे उपचारासाठी नागपूर गाठतात. त्यांनी शेत गहाण टाकण्याआधी ही चाचणी सरकारी रुग्णालयांत मोफत व्हावी, आणि अहवालाचा अर्थ डॉक्टरांनी त्यांना त्यांच्या भाषेत सांगावा.

— एक वाचक, धंतोली, नागपूर