तीन चमच्यांची गिटार

मिरज, ९ जुलै

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपले जे झाले, त्यानंतर तुझ्या आईने माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले आहे, त्यावरून चूक कोणाची होती याचा घरापुरता निकाल लागला आहे असे समज. तू मार्टिन कंपनीची गिटार हप्त्यांवर घेतलीस आणि जुनी यामाहा ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलाला देऊन टाकलीस हे ऐकल्यावर, "नावाचे पैसे मोजलेस," असे मी म्हणून गेलो. त्यावर तू शांतपणे विचारलेस, "बाबा, यामाहा तरी तुम्ही कशावरून घेतली होती?" मी काही न बोलता फोन आईच्या हाती दिला. उत्तर नव्हते असे नाही, पण बत्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाने मोठ्याने सांगावे असे ते नव्हते. आता लिहून सांगतो. तुझ्या हाताबद्दल मात्र या पत्रात एक अक्षर लिहायचे नाही असे मी ठरवले आहे, कारण त्याबद्दल जे बोलायचे ते आईने बोलून झाले आहे.

तुझी पहिली गिटार यामाहा नव्हती हे तू कदाचित विसरली असशील. २००९ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, तुझी आठवी संपली तेव्हा, आपण इथल्याच बाजारातून एक स्वस्तातली गिटार आणली होती. पहिल्या पावसाळ्यातच तिची मान अशी वाकली की तारा आणि मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे, यांच्यामधून पेन्सिल आरपार जाई. तू ती तशीच दाबून वाजवत राहिलीस आणि बोटांना घट्टे पडले तेव्हा मी ते आल्यागेल्याला अभिमानाने दाखवत होतो. फडके सरांनी तर तुझी बोटे चष्मा काढून पाहिली होती. आज ते आठवले की मला बरे वाटत नाही, पण तो विषय नको.

त्याच वर्षी डिसेंबरात आक्काच्या ऑपरेशनसाठी आपण मुंबईला गेलो. एका दुपारी तुला घेऊन मी धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये गेलो. ते दुकान १८६५ पासूनचे आहे असे कोणीतरी सांगितले होते, आणि जुने दुकान फसवत नाही एवढाच माझा अभ्यास होता. भिंतीवर गिटारी टांगलेल्या होत्या आणि विक्रेत्याने विचारले, "कोणत्या कंपनीची दाखवू?" फेंडर, गिब्सन, इबानेझ ही नावे मी पाटीवरची पाढे वाचावेत तशी वाचली. इबानेझ मी स्पेनची समजलो. ती कंपनी जपानमधल्या नागोयाची असून नाव तेवढे एका स्पॅनिश कारागिराचे आहे, हे मला गेल्या आठवड्यात कळले. तेवढ्यात तू माझी बाही ओढलीस आणि पलीकडच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणालीस, "बाबा, आपल्या गाडीचे चमचे!"

आपल्या आरएक्स हंड्रेडच्या टाकीवर मेकॅनिकने यामाहाचा गोल स्टिकर लावला होता, तो तुला आठवत असेल. तू तीन-चार वर्षांची असताना मी तुला टाकीवर पुढे बसवून शाळेपर्यंत नेत असे, आणि तू त्या स्टिकरवरून नखाने गिरवत "हे तीन चमचे कशाला?" असे रोज विचारत असस. ते चमचे नव्हेत, नादकाटे आहेत, हे मी तुला प्रयोगशाळेतला नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून आणि तुझ्या कानाशी धरून दाखवले होते. तू दचकून रडलीस आणि नंतर पुन्हा पुन्हा तेच करायला लावलेस. त्या नादकाट्याची दांडी तू एकदा दातांत धरलीस आणि सगळे डोके वाजू लागल्यासारखी माझ्याकडे पाहत राहिलीस, ते तुझे तोंड मी अजून विसरलेलो नाही.

तर दुकानात मी असा विचार केला की १९८९ मध्ये घेतलेली आणि वीस वर्षांत एकदाही आंबा घाटात न थांबलेली गाडी ज्यांनी केली, ते गिटारही वाईट करणार नाहीत. अठ्ठ्याण्णव सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनावरून मी स्प्रूस लाकडाच्या फळीचा नाद ठरवला. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असे कारण लिहिले असते, तर मी समासात लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले असते. एफ ३१० हे मॉडेल विक्रेत्याने सुचवले, तू दोन तारा छेडल्यास आणि मी पैसे दिले. त्या महिन्यात विम्याचा हप्ता मागे पडला, हे आईला अजून ठाऊक नाही. आता ठाऊक होईल, कारण पाकीट बंद करण्यापूर्वी ती पत्र वाचणार आहे.

माझा तर्क अगदीच वाया गेला नव्हता हे मला नंतर कळले. तोराकुसू यामाहा या गृहस्थांनी १८८७ मध्ये हामामात्सू गावातल्या एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि त्यातून हा सगळा व्याप उभा राहिला. दुचाकी पुष्कळ नंतरची, १९५५ सालची, आणि तिच्यासाठी कंपनीही वेगळी काढलेली. म्हणजे नादकाटे मुळात वाद्यांचे होते आणि गाडीने ते उसने घेतले होते. मी उलट्या बाजूने आत शिरलो आणि योगायोगाने देवघरातच पोहोचलो. दुरुस्ती करता करता वाद्य करायला लागलेला माणूस आपल्या मिरजेत नवलाचा नाही. सतारमेकर गल्लीतल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचे काम ओसरू लागले तसे ते हात सतारीकडे आणि तानपुऱ्याकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा गल्लीत पेढे वाटले, पण गिऱ्हाइक मानांकन पाहून येत नाही. गुरूने ज्या घरातून तानपुरा नेला त्याच घराची पायरी शिष्य चढतो आणि दुसऱ्या घरचा वाजवूनही पाहत नाही.

तुझ्या प्रश्नापायी मी गेले आठ दिवस थोर वादकांनी आपापली कंपनी कशी गाठली ते वाचत बसलो होतो. बीटल्सच्या जॉन लेननने बेल्जियमचा वादक टूट्स थीलमन्स रिकनबॅकर कंपनीची गिटार वाजवताना पाहिला होता आणि १९६० मध्ये हॅम्बुर्गला तशी गिटार दिसताच ती घेतली. त्याचा साथीदार पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये त्याच गावात हॉफनरचा बास घेतला तो स्वस्त होता म्हणून, आणि व्हायोलिनच्या आकाराचा असल्याने डाव्या हाताने वाजवण्यासाठी उलटा धरला तरी बेढब दिसत नव्हता म्हणून. पुढे त्या वाद्याला लोक 'बीटल बास' म्हणू लागले. मला सगळ्यांत आवडला तो ब्रायन मे. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकून गेलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा तो साथीदार. त्याला फेंडर परवडत नव्हती, तेव्हा १९६३ मध्ये बापलेक दोघे घरीच गिटार करायला बसले. मानेसाठी शेकोटीच्या जुन्या चौकटीचे लाकूड घेतले, पट्टीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे वापरली आणि तारांचा ताण सांभाळायला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या. तो मुलगा पुढे खगोलभौतिकीचा डॉक्टर झाला हे सांगायची गरज नव्हती, पण सांगितल्याशिवाय राहवले नाही. त्याच्या वडिलांना मोटारसायकलची स्प्रिंग वापरता आली, मला नुसता स्टिकर वापरता आला.

पुन्हा फळ्यापुढे उभा राहिलो. क्षमा कर.

खरी गोष्ट अजून लिहिलेली नाही. मुंबईहून आल्यावर मी ती यामाहा सतारमेकर गल्लीतल्या चाचांना दाखवायला नेली होती. त्यांनी ती गवंड्याने ओळंबा पाहावा तशी डोळ्यासमोर धरली, मानेवरून नजर फिरवली, पाठीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केले आणि म्हणाले, "सर, गिटार चांगली आहे, पण मुलीच्या हाताला तारा उंच आहेत. घोडीवरची ही पांढरी पट्टी खालून पाऊण सूत घासून देतो, बाराव्या पडद्यावर तार त्याच्या निम्मी खाली येईल." हिशेब बरोबर होता, कारण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. मी नको म्हणालो. कंपनीने केलेल्या वस्तूला गल्लीतल्या माणसाने कानस लावावी हे मला पटले नाही. ज्याच्या हातचे तानपुरे देशभरातले गवय्ये घेऊन जातात, त्या माणसाला मी असे म्हणालो. ते हसले आणि त्यांनी गिटार पिशवीत घालून परत दिली.

काल मी जुनी वही काढली. त्या वेळी घरी येऊन मी व्हर्नियर कॅलिपरने ती उंची मोजली होती आणि तारखेसह लिहून ठेवली होती: जाड तार, बारावा पडदा, ४.१ मिलिमीटर. आता वाचतो तर अडीचच्या आसपास असली म्हणजे बोटांना सोसते, आणि नवी गिटार घेतली की जाणकाराकडून सेटअप, म्हणजे तारांच्या उंचीची वगैरे जुळणी, करून घ्यायचा ही सर्वसाधारण रीत आहे. मी आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि वही मिटली. त्या आकड्यावर तू बारावीपर्यंत रोज दोन-दोन तास बोटे दाबत राहिलीस, पुढे बंगळूरलाही तीच घेऊन गेलीस, आणि आता म्हणतेस की रात्री डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. यात गिटारीचा दोष नाही आणि कंपनीचाही नाही. बारीकशा पट्टीचे काम होते आणि ते होऊ न देणारा मी होतो.

मुंग्यांचे कारण दुसरेही असू शकेल, दिवसभर संगणकावर बसण्याचेही असेल, हे मला समजते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांनाच येतात की करंगळीलाही, एवढे नीट पाहून डॉक्टरांना सांग. मनगट वाकवून झोपू नकोस. दुखत असताना वाजवू नकोस, तू म्हणतेस तसे 'वाजवता वाजवता मोकळे होते' यावर विश्वास ठेवू नकोस. नानाही असेच म्हणत असत, आणि नानांच्या हाताचे पुढे काय झाले ते तू पाहिले आहेस. शेवटी शेवटी त्यांना सदऱ्याचे बटण आई लावून देत असे. हे लिहायचे नव्हते. खोडले तर पान खराब होईल म्हणून राहू देतो.

मार्टिनबद्दल मी जे बोललो ते मागे घेतो. तू मैत्रिणीच्या घरी ती हातात घेतलीस आणि खाली ठेववेना म्हणून घेतलीस, म्हणजे निदान वाजवून घेतलीस. त्या कंपनीचा मूळ पुरुष जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेनचा. तिथे व्हायोलिनकारांच्या संघाने सुतारांनी गिटार करू नये म्हणून तंटा मांडला होता. तो माणूस १८३३ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन आपले काम करू लागला. हे वाचून मला चाचांची आणि माझी आठवण झाली, आणि त्या गोष्टीत मी संघाच्या बाजूला उभा आहे हेही लक्षात आले. तुझ्या डी-२८ ची पाठ आणि बाजू आपल्याकडच्या शिसवीच्या आहेत, हे तुला दुकानदाराने सांगितले का? पूर्वी ते ब्राझीलची शिसवी वापरत. तिथून ओंडके जाणे बंद झाल्यावर, १९६९ च्या सुमारास, त्यांनी भारतीय शिसवी धरली. आजीच्या झोपाळ्याच्या पाटाचे जे लाकूड तेच. त्या पाटावर ओले फडके ठेवले म्हणून आजी कशी ओरडत असे ते आठव आणि गिटार पुसताना कोरडेच फडके घे.

बंडूकाका शुक्रवारच्या राणी चन्नम्माने निघत आहेत. त्यांच्याबरोबर भडंग, मेतकूट आणि माझा व्हर्नियर कॅलिपर पाठवत आहे. शून्याची खूण आधी जुळवून घे, नाहीतर प्रत्येक मापात तेवढीच चूक येईल. नव्या गिटारीची उंची जाड आणि बारीक अशा दोन्ही तारांवर बाराव्या पडद्याशी मोज. त्या मैत्रिणीच्या मुलाकडे एकदा जाऊन जुनीचीही मोज, आणि चारच्या जवळ निघाली तर त्याच्या आईला सांगून ती पट्टी घासून घे. तो अजून लहान आहे. घासायला तिथे कोणी मिळाले नाही तर गिटार इकडे पाठव. चाचांची नजर आता मंदावली आहे, पण त्यांचा मुलगा करतो, आणि या वेळी मी स्वतः घेऊन जाईन.

आरएक्स हंड्रेड पडवीतच आहे. गेल्या महिन्यात तिसऱ्या किकला सुरू झाली. स्टिकरवरचा एक चमचा तुझ्या नखाने गेला होता, बाकीचे दोन आहेत.

तुझा,
बाबा

ता. क. डॉक्टरांची वेळ घेतलीस का, हे आईने विचारले आहे. ती आत्ता बाजारात गेली आहे, पण नक्की विचारले असते.