तिथी लिहिताना पंचांग कोणतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यस्मरणाच्या जाहिरातींत फोटोखाली इंग्रजी तारीख ठळक असते आणि तिथी बारीक, तीही बहुधा अर्धवट. इंदूरच्या मराठी घरांत या अर्धवटपणापायी वर्षश्राद्ध चक्क महिनाभर पुढे जातं.

आपला मराठी पंचांगातला महिना अमावास्येला संपतो, इथल्या स्थानिक पंचांगातला पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोन्हीकडे नाव एकच. वद्य पक्षात मात्र इथलं पंचांग पुढच्या महिन्याचं नाव लावतं. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते ती रंगपंचमी आपली फाल्गुन वद्य पंचमी, इथली चैत्र कृष्ण पंचमी. त्या दिवशी गेलेल्या माणसाची तिथी कुणी घाईत ‘चैत्र कृ. ५’ अशी टिपली आणि मुलाने पुढे पुण्याच्या कॅलेंडरात चैत्र वद्य पंचमी शोधली, तर पाडवा आणि रामनवमी उलटून गेल्यावर श्राद्ध होतं! अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी गेल्या, ती आपली श्रावण वद्य चतुर्दशी. शहरात त्यांची पालखी निघते ती भाद्रपद कृष्ण चतुर्दशीची म्हणून. दिवस तोच.

ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते, कारण पितृपक्षात ती उघडी पडत नाही. महालयाला नुसती तिथी बघतात, निधनाचा महिना नाही. जुन्या वहीत ‘बदी’ लिहिलेलं दिसलं तर इथलं पंचांग समजावं. ‘वद्य’ असेल तर बहुधा आपलं. नुसतं ‘कृ.’ असेल तर इंग्रजी तारखेवरून पडताळल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरा घोळ वेळेचा. कॅलेंडरच्या चौकटीत छापतात ती सूर्योदयाची तिथी. ती कधी संपते ते शेजारी बारीक अक्षरांत असतं आणि तिथे कुणी बघत नाही. पंचमी दुपारी २.२० ला संपली आणि माणूस रात्री ११ ला गेला, तर चौकटीत पंचमी असली तरी तिथी षष्ठी. रात्री बाराला तारीख बदलते, तिथीला त्या बाराशी देणंघेणं नाही.

श्राद्धाचा दिवस धरतात तो अपराह्णकाळावरून. दिनमानाचे पाच सारखे भाग केले की चौथा भाग अपराह्ण. सूर्योदय-सूर्यास्त सहाचे धरले तर १.१२ ते ३.३६. षष्ठी मंगळवारी दुपारी १२.३० ला लागून बुधवारी सकाळी १०.५० ला संपत असेल, तर कॅलेंडर ती बुधवारी दाखवील, श्राद्ध मात्र मंगळवारी. दोन्ही दिवशी अपराह्णात थोडी थोडी येत असेल तर गुरुजींनाच विचारावं.

देवघरातल्या वहीत एक पूर्ण ओळ हवी: तारीख, वेळ, गाव, शक, मास, पक्ष, तिथी आणि शेवटी ‘मराठी पंचांग’. महिना अधिक असेल तर ‘अधिक’ हा शब्द गाळू नये. २०२३ मध्ये श्रावण दोन होते.

आपल्याकडे विनंती एवढीच, की जाहिरात घेताना खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तिथी कोणत्या पंचांगाची हे विचारावं आणि तिच्यापुढे ‘म. पं.’ (मराठी पंचांग) किंवा ‘स्था. पं.’ (स्थानिक पंचांग) छापावं. त्याचे जादा पैसे लावू नयेत.

आपला,
एक वाचक, इंदूर