केस पेपरवरचे ‘पाय घसरून पडले’

महोदय,

‘पोटदुखीच्या त्रासाला कंटाळून विवाहितेने विषारी औषध प्राशन केले’ हे वाक्य वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर इतक्या वेळा छापून आले आहे की, वाचकाची नजर आता त्यावर अडखळतही नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यामुळे ते वाक्य कोठून येते, हे मी पाहिले आहे. रुग्णाला घेऊन आलेला नवरा किंवा दीर ते खिडकीवर सांगतो. तेथून ते केस पेपरवर उतरते, पुढे चौकीच्या नोंदीत जाते आणि दुसऱ्या दिवशी बातमीत येते. जिच्या पोटात औषध गेले, तिला या सगळ्या प्रवासात ‘घरात मारहाण होते का’ असे कोणी एकटीला बाजूला घेऊन विचारलेले नसते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशातील स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के जणींनी मदत मागितली होती. ७७ टक्के जणींनी मदत तर मागितली नव्हतीच, शिवाय ती गोष्ट कोणाजवळ बोलूनही दाखवली नव्हती. मात्र पोलीस ठाण्याची पायरी कधीच न चढणारी हीच बाई टाके घालून घ्यायला, गरोदरपणाच्या तपासणीला किंवा लेकराला लस टोचायला दवाखान्यात येते. हिंसा थांबवायची असेल तर सुरुवात तेथून व्हायला हवी, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

मार खाऊन आलेल्या बाईबद्दलही ‘मोरीत पाय घसरून पडली’ असेच सांगितले जाते. पण मोरीत पाय घसरून पडणाऱ्या माणसाला मार लागतो तो मनगटाला, कमरेला, नडगीला. कानामागे, दंडाच्या आतल्या बाजूला आणि पाठीवर, काही ताजे जांभळे तर काही जुने हिरवट-पिवळे, असे वळ पडल्याने उठत नाहीत. आम्हाला ते दिसत होते. तरीही ‘पडल्यामुळे’ असे लिहून आम्ही टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि पुढचा रुग्ण घेतला. पाळीवर डॉक्टर एकच असायचे, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) केली की साक्षीसाठी कोर्टाच्या तारखा मागे लागायच्या आणि बोलायला आडोसा म्हणावा तर एक हिरवा पडदा, ज्याच्या पलीकडे सासू उभी. एका मुलीने मला खरे सांगितले ते लघवीच्या तपासणीची बाटली घेऊन संडासाकडे जाताना, कारण तेवढ्या वाटेवर सासू तिच्यासोबत आली नाही. मी ते डॉक्टरांच्या कानावर घातले. केस पेपरवर मात्र आधीचेच कारण राहिले आणि संध्याकाळी ती त्याच घरी परत गेली.

खरे तर कायद्याने रुग्णालयाला यापासून अंग काढून घेता येत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम ७ नुसार अशा स्त्रीला उपचार नाकारता येत नाहीत आणि २००६ च्या नियमांनुसार, घटना अहवाल (घरातील हिंसेची ठरावीक नमुन्यातील नोंद) आधी भरलेला नसेल, तर तो भरून स्थानिक संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली अशा स्त्रियांच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवण्याची जबाबदारी रुग्णालयाच्या प्रमुखावर आहे. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रतही तिला विनामूल्य मिळाली पाहिजे. माझ्या सेवाकाळात तो कोरा नमुना माझ्या हातात एकदाही पडला नाही.

हे जमण्यासारखे आहे, याचा दाखला मुंबईतच आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केले आणि पुढे ते महापालिकेच्या आणखी रुग्णालयांत पोहोचले. तेथे परिचारिका आणि डॉक्टरांना लक्षणे ओळखायला, सोबतच्या माणसांना बाहेर बसवून बाईशी बोलायला आणि तिला रुग्णालयातच समुपदेशकापर्यंत नेऊन पोहोचवायला शिकवले जाते. सज्ञान स्त्रीवर तक्रारीची सक्ती केली जात नाही, हे मला त्यात विशेष महत्त्वाचे वाटते. घर सोडायचे की नाही आणि कधी, हे ठरवण्याइतकी ती शहाणी असते. मात्र तिने सांगितलेले कारण, मारणाऱ्याशी असलेल्या नात्यासह, तिच्याच शब्दांत कागदावर राहिले, तर वर्षभराने ती न्यायालयात उभी राहील तेव्हा तिच्या हातात काहीतरी असेल.

तालुक्याच्या रुग्णालयात एक दार लागणारी खोली, पाळीवरील एका परिचारिकेचे प्रशिक्षण आणि भिंतीवर संरक्षण अधिकाऱ्याचा चालू दूरध्वनी क्रमांक, यांसाठी नवी इमारत लागत नाही. हा अधिकारी मुळात नेमलेला असावा, यासाठी सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये राज्यांना मुदत घालून आदेश द्यावे लागले, ही गोष्ट कायदा लागू होऊन जवळजवळ १९ वर्षांनी घडली.

लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीला किंवा मुलीला तर शासकीय असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ विनामूल्य प्रथमोपचार व उपचार द्यायचे आहेत. ‘आधी पोलिसांत जाऊन या’ असे सांगून परत पाठवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. औषध प्यायलेल्या बाईच्या घरच्यांना ‘तिच्यावरच केस होईल’ अशी भीती असते आणि पोटदुखीचे कारण काही वेळा त्यातूनही येते. वस्तुतः मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानायचे असते आणि तिची काळजी घेण्याचे दायित्व शासनावर आहे.

शेवटी एक विनंती आपल्याकडेच. चौकीच्या नोंदीत नातेवाइकाने सांगितलेले कारण जसेच्या तसे बातमीत उतरवू नये. मारहाण झालीच असेल, असेही गृहीत धरून लिहू नये. ‘कारण समजू शकले नाही’ एवढे लिहावे आणि त्याच चौकटीत १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक छापावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
जि. सातारा