पाहुण्यांच्या आधी मुलांना बोलू द्या

संपादक महोदय,

दर ६ ऑगस्टला हिरोशिमाच्या स्मृतिसोहळ्यात सहावीतली दोन मुले शांततेची प्रतिज्ञा वाचतात. पंतप्रधानांचे भाषण त्यानंतर होते. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

तिथे मुलांचा आवाज जुनाच आहे. बॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने ती गेली. तिच्या वर्गमित्रांनी देशभरच्या शाळांना साद घातली, निधी जमवला आणि १९५८ मध्ये शांती उद्यानात मुलांचे स्मारक उभे राहिले. पुढे १९९८ मध्ये भारत-पाकिस्तानच्या अणुचाचण्यांनी अस्वस्थ झालेल्या नागासाकीने आपले शाळकरी शांतिदूत संयुक्त राष्ट्रांकडे पाठवले. पोखरणचे हे पडसाद आपल्या किती मुलांना ठाऊक आहेत?

आपल्याकडेही अनेक शाळांत हिरोशिमा दिन पाळला जातो. फेरी निघते, फलक रंगवले जातात, वक्तृत्व स्पर्धा होते. पण भाषण बहुधा मोठ्यांनी लिहिलेले असते आणि मूल ते हातवाऱ्यांसह पाठ म्हणून दाखवते. (दोष मुलांचा नाही, बक्षीस त्यालाच मिळते.) युद्धाची दृश्ये रोज मोबाइलवर पाहणाऱ्या या मुलांच्या मनात भीती आहे, प्रश्न आहेत. ते विचारायला जागा कुठे आहे?

येत्या ६ ऑगस्टला शाळांनी परीक्षक आणि क्रमांक बाजूला ठेवावेत. मुलांना स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहू द्याव्यात आणि प्रमुख पाहुणे बोलण्याआधी त्या वाचू द्याव्यात.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा