आशाताईंच्या पगाराबद्दल

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "आशा म्हणजे स्वयंसेविका, त्यांना पगार कसला?" आशा म्हणजे सरकारी आरोग्य योजनेत आपापल्या गावात घरोघर फिरून काम करणाऱ्या बायका. तुझं ते बोलणं काही डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

कोरोनात अत्यावश्यक कोण, याच्या सरकारी याद्या निघाल्या. माझा हिशेब साधा आहे. सगळ्यांना घरात बसायला सांगितलं, तेव्हा ज्यांना बाहेर पडायला लावलं ते अत्यावश्यक. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून माणसं गावी परतत होती, तेव्हा आमच्या वाडीत घरोघर फिरत होत्या त्या आशाताईच. तोंडाला ओढणी, काखेत रजिस्टर. कोण आलं, कधी आलं, ताप-खोकला आहे का, सगळं लिहून घ्यायचं. विलगीकरणात नेतील या भीतीने लोक आलेल्या पोराला माडीवर लपवायचे आणि यांच्या तोंडावर दार लावायचे. त्या संध्याकाळी पुन्हा यायच्या. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि हातात ऑक्सिमीटर आला. आमच्या आजीची बोटं गार, आकडाच उमटेना. ताईंनी तिचा हात चोळून ऊब आणली, पुन्हा बोटाला लावलं, आकडा लिहिला, मगच पुढच्या घरी गेल्या. त्या आजारात दुसऱ्याचा हात हातात घेणं म्हणजे काय होतं, आठव जरा.

आता पैशाचं बघ. तेव्हा नियमित कामांचे केंद्राकडून महिन्याला २,००० रुपये मिळायचे, वर राज्याची थोडी भर आणि बाकी सगळा कामागणिक मोबदला. खेड्यातली बाई बाळंतपणाला दवाखान्यात नेली तर ६००, नंतर दीड महिनाभर बाळाच्या घरभेटी केल्या तर त्या सगळ्यांचे मिळून २५०. लॉकडाऊनमध्ये लसीकरणाची सत्रं आणि शिबिरं थंडावली, तसा हा मोबदलाही आटला. सर्वेक्षण मात्र वाढतच गेलं. कोविडच्या त्या कामाचे केंद्राने दिले महिन्याला १,००० रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस! पन्नास लाखांचा विमा होता, तो हवाच होता. पण त्याने जिवंत बाईची चूल पेटत नाही.

जून २०२१ मध्ये राज्यातल्या सत्तरेक हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा 'ही काय वेळ आहे का' असं पुष्कळांनी म्हटलं. मला वाटतं, तीच वेळ होती. आठवडाभराने १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता कबूल झाला. एरवी कोणी विचारलं असतं?

आणि ही मागणी महामारीतून उगवलेली नाही. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनेच शिफारस केली होती की सरकारी योजनांवर राबणाऱ्या या बायकांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच योजनेवर राबणाऱ्या अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरवाचा मलाही आनंद झाला. पण दरमहा ठरल्या तारखेला किमान वेतन, प्रॉव्हिडंट फंड आणि आजारपणाची भरपगारी रजा, एवढं मिळेपर्यंत मी त्याला न्याय म्हणणार नाही.

स्वयंसेवा तीच, जिला नाही म्हणता येतं. वरून फोन आला की तासाभरात माहिती भरून पाठवावी लागते, त्या बाईला नाही म्हणायची सोय कुठे आहे? याचं उत्तर मला तुझ्याकडून हवंय, आणि फोनवर नको, लिहून पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास