मायच्या घागरीआधी

नंदुरबार
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय सुभाष,

सप्रेम सलाम.

तुझा प्रश्न येऊन वीस-बावीस दिवस झाले. रोज फोन हातात घ्यायचो आणि परत ठेवून द्यायचो. असल्या गोष्टी फोनवर अर्ध्याच बोलल्या जातात. आज दुपारी ऊन फार चढलं, तेव्हा दारं लावून घेतली आणि लिहायला बसलो.

तू विचारलंस, "तुझ्या देवाच्या हिशेबात माझी माय कुठे आहे?" हा प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक आहे. मायच्या द्वारदर्शनाला आलो तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतले एक गृहस्थ माझ्यासोबत होते. निघताना त्यांनी तुला ओट्याच्या कडेला घेतलं आणि म्हणाले, "बाई चांगली होती, पण तारणाविना गेली. तुम्ही तरी विचार करा." मायचा दहावासुद्धा झाला नव्हता. मी दोन पावलांवर चप्पल घालत होतो. सगळं ऐकलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. तिथेच त्यांना थांबवायला हवं होतं, आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. ज्या घरात मी वाढलो त्या घराच्या दारात मी मुका झालो. सुभाष, मला माफ कर. बाकीचं सगळं याच्यानंतर.

तुला बरं वाटावं म्हणून मी माझा विश्वास पातळ करून सांगणार नाही. येशू ख्रिस्त हाच तारणारा आहे असं मी मानतो. "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे," असं तो म्हणाला आणि मी त्यावर जगतो. पण ते गृहस्थ ज्या शास्त्राच्या नावानं बोलले तेच शास्त्र मी पन्नास वर्षं वाचतोय, आणि त्यात मला त्यांच्याइतका लहान देव कधी भेटला नाही.

बायबलातल्या योना संदेष्ट्याची गोष्ट तुला ठाऊक आहे, निदान माशाच्या पोटातली. आमच्या संडे स्कूलमध्येही पोरांना ती तेवढीच सांगतात. खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. निनवे म्हणजे शत्रूचं शहर. देवानं योनाला तिकडे पाठवलं, तो उलट दिशेच्या जहाजात बसला, शेवटी नाइलाजानं गेला, आणि लोकांनी खरोखरच पश्चात्ताप केला. देवानं त्यांना सोडून दिलं. योना त्यावर खूश व्हायला हवा होता, तो भडकला. म्हणाला, तू दयाळू आहेस हे मला माहीतच होतं, म्हणून तर मी पळालो होतो! शहराबाहेर जाऊन बसला. डोक्यावर एक वेल उगवला, त्याच्या सावलीनं सुखावला. दुसऱ्या दिवशी किडीनं वेल खाल्ला, आणि आपल्या चैत्र-वैशाखात सुटतो तसा झळांचा वारा सुटला. योनाला मरण बरं वाटू लागलं. तेव्हा देव त्याला विचारतो: तू न लावलेल्या, न वाढवलेल्या वेलाची तुला एवढी कळकळ, मग ज्यांना उजवा-डावा हातही कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि कितीतरी गुरंढोरं ज्या निनवेत आहेत, त्याची मला कळकळ नसावी? पुस्तक इथेच संपतं. योनानं काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही. आणि देवाला गुरांचीही आठवण राहिली, हे वाचून मला दर वेळी तुमच्या खळ्यातली पांढरी गाय आठवते.

आमच्यातले पुष्कळ जण अजून त्या वेलाखाली बसलेले आहेत. शहर वाचलं तर त्यांना वाईट वाटतं.

मला माहीत आहे, तू म्हणशील, हे एका बाजूचं झालं. खरंय, चर्चमध्ये यावर पहिल्यापासून वाद आहेत. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला की ख्रिस्तमंडळीबाहेर तारण नाही. हे वाक्य आजही फेकून मारतात. पण तो बोलत होता मंडळी फोडून वेगळी चूल मांडणाऱ्यांबद्दल आणि त्यांच्या बाप्तिस्म्याबद्दल. बोरी नदीकाठच्या शेतकरी बाईचा हिशेब त्याच्यासमोर नव्हता. त्याच शतकातला अलेक्झांड्रियाचा ओरिजेन दुसऱ्या टोकाला होता. शेवटी सगळी सृष्टी देवाकडे परत येईल अशी त्याची आशा. पुढे चर्चनं ती शिकवण नाकारली. हॉलंडात दोर्त गावी १६१८-१९ साली मोठी सभा भरली, तिथे ठरलं की ख्रिस्ताचं मरण निवडलेल्यांनाच तारून नेतं. त्यानंतर शे-सव्वाशे वर्षांनी इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली उभा राहिला आणि कृपा सर्वांसाठी आहे असं उघड्या मैदानात सांगत फिरला. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली लिहून ठेवलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना सुवार्ता कळली नाही, पण जे खऱ्या मनानं देवाला शोधतात आणि विवेकाचं ऐकून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मी कॅथलिक नाही, तरी हे वाचून मी बराच वेळ खिडकीशी बसून होतो.

पण खरं सांगू? या सगळ्या सभांपेक्षा मला तुमच्या बांधावरचा ताणकाटा जास्त शिकवून गेला.

आठवतंय का? दिवाळीच्या सुट्टीतली वेचणी. आई माझी तेव्हा सतत आजारी, दवाखान्यात, आणि वडील शाळा नि दवाखाना करत असायचे. मी तुमच्याकडेच पडलेला. तुझ्या वडिलांनी वहीचं काम मला दिलं होतं, माझं अक्षर बरं म्हणून. संध्याकाळी बाया ओट्या सोडायच्या, गाठोडी बांधायच्या, काट्याला टांगायच्या, आणि मी नाव नि किलो लिहायचो. किलोवर मजुरी. त्यात एक म्हातारी होती, मोतीबिंदू झालेली. बोंड दिसण्याआधी तिला चाचपावं लागायचं आणि बोटं टरफलांनी फाटलेली असायची. बाकीच्यांचा वीस-पंचवीस किलो भरला तर तिचा सहा-सात.

एका संध्याकाळी मी खाली बसून पेन्सिलीला टोक करत होतो, म्हणून दिसलं. म्हातारी पाणी प्यायला गेली, आणि मायनं स्वतःच्या ओटीतला कापूस दोन्ही हातांनी काढून तिच्या गाठोड्यात दाबला. एकदा नाही, चार-पाच वेळा. वरून फडक्याची गाठ परत होती तशी मारली. मायच्या पदराला बोंडाची वाळकी पानं चिकटली होती. काटा तेरावर गेला. मी मायकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "काटा काय सांगस ते लिख." मी तेरा लिहिलं.

शेत तुमचं, कापूस तुमचा, मजुरीही तुमच्याच घरातून जाणार. आपलंच वेचलेलं दुसरीच्या नावावर मांडायचं आणि त्याचे पैसेही आपणच द्यायचे. तेव्हा मला हा हिशेब कळला नव्हता.

येशूनं द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट सांगितली आहे. मालक सकाळी मजूर ठरवतो, नंतर नऊला, बाराला, तीनला जातो, आणि संध्याकाळी पाचला पुन्हा चौकात जाऊन उभ्या राहिलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. तो त्यांनाही नेतो आणि तासाभराच्या कामाला पूर्ण दिवसाची मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. मालक म्हणतो, तुझं ठरलेलं तुला मिळालं ना? मी उदार आहे म्हणून तुझ्या डोळ्यांत का सलतं? नंदुरबारला सकाळी चौकात मजूर उभे असतात. अकरा वाजले की उरलेले डबा न उघडता घरी जातात. ते चेहरे पाहिले की कळतं, "आम्हाला कोणी घेतलंच नाही" म्हणजे काय. त्यांच्या घरीसुद्धा चूल पूर्णच पेटवावी लागते, म्हणून मालक पूर्ण मजुरी देतो. मी ही गोष्ट जितक्या वेळा वाचतो, तितक्या वेळा तो मालक मला नऊवारीत दिसतो.

आता माझा प्रश्न ऐक. माझ्या मायला, हो, माझ्याही, म्हातारीचं गाठोडं हलकं भरलेलं पाहवलं नाही. मग ज्यानं मायला घडवलं तो तिच्याहून कंजूष असेल?

त्या गृहस्थांना मी परवा भेटलो. भांडलो नाही. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय उघडून पुढे ठेवला. कर्नेल्य हा रोमी शताधिपती. यहुदी नाही, ख्रिस्ती तर नाहीच. पण देवदूत त्याला काय सांगतो? तुझ्या प्रार्थना आणि तुझे दानधर्म देवापर्यंत पोचले आहेत. आधी पोचले, मग येशूचा शिष्य पेत्र त्याच्याकडे गेला. आणि पेत्राला तरी उंबरा ओलांडायला किती जड गेलं! यापोच्या गच्चीवर दुपारी भुकेल्या पेत्राला तीन-तीनदा दर्शन घडावं लागलं, तेव्हा तो परक्याच्या घरात शिरला आणि बोलला की देव पक्षपाती नाही. म्हणजे त्या अध्यायात बदलायचं कर्नेल्याइतकंच पेत्रालाही होतं. गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पण पेत्रानं त्याला येशूबद्दल सांगितलं ना? मी म्हणालो, सांगितलं, आणि मीही सांगतो. लपवायचं काय आहे! पण त्याच्या प्रार्थना फुकट गेल्या असं पेत्र म्हणाला नाही.

यरुशलेमच्या मंदिरात परक्यांनी कुठवर यायचं त्यासाठी एक बुटकी भिंत होती, आणि तिच्यावर दगड लावलेले: परका आत गेला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. त्यातला एक दगड १८७१ साली सापडला, आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. प्रेषित पौल लिहितो की ख्रिस्तानं मधली आडभिंत पाडली. हे वाचताना मला अमळनेर आठवतं. तुझे आजोबा सांगायचे ना, साने गुरुजी इथल्याच शाळेत मास्तर होते आणि त्यांनीच पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला प्राण पणाला लावून विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडायला लावलं? सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. दार बंद असण्याचं दुःख कळायला ख्रिस्तीच असावं लागतं असं नाही.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. त्यांना आठवतच नाही. विचारतात, प्रभू, आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिलं? कोणाला वाढतोय हे वाढताना त्यांना ठाऊक नव्हतं. सुभाष, मी नऊ-दहा वर्षांचा असेन. दवाखान्यातून आलो, आमच्या घराला कुलूप, आणि मी तुमच्या ओट्याशी उभा. आत यायला लाजत होतो, कारण गल्लीतल्या एकानं सकाळीच म्हटलं होतं की हा बाटग्यांचा पोरगा सगळीकडे शिवतो. मायनं हात धरून मला चुलीजवळ बसवलं. कळण्याची भाकरी, त्यावर भरीत, वर कच्च्या तेलाची धार. म्हणाली, "पहिले जेवी ले. तू बी मनाच आंडोर शे." तूही माझाच पोरगा, असं म्हणाली.

त्या दिवशी भुकेला कोण होता ते मी सांगू शकतो. आणि माझ्या प्रभूनं ते स्वतःच्या खात्यावर मांडून घेतलं असेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माय देवाच्या हातात आहे. ज्या हातांत मी तिला पाहतो त्यांना खिळ्यांचे व्रण आहेत. ज्यांनी ते ठोकले त्यांच्यासाठीही त्यानं क्षमा मागितली होती. त्याच्या पुढचा निवाडा करायला मला कोणी बसवलेलं नाही, त्या गृहस्थांनाही नाही. सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, असं पौलानं तीमथ्याला लिहिलं. मी ते 'सर्व' जसंच्या तसं वाचतो. रविवारी पहाटे आमच्या दफनभूमीत सूर्य उगवताना उपासना झाली. सगळे आपापल्या माणसांच्या कबरीपाशी मेणबत्त्या लावत होते. मायची कबर नाही, म्हणून मी आईच्या कबरीवर दोन लावल्या. दुसरी कोणाची ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आखाजी, आपली अक्षय तृतीया, आठ दिवसांवर आली. तू पुण्याहून येशील आणि मायच्या नावानं पहिली घागर भरशील. तुझ्या त्या कामात माझा धर्म आड येणार नाही. तू घागर भर, मी ओट्यावर बसून माझी प्रार्थना करीन. चालेल ना? सकाळच्या भुसावळकडे जाणाऱ्या गाडीनं निघतो, अमळनेरला उतरून जीपनं येतो. डांगर, म्हणजे खरबुजं, इथून आणतो, बाजारात चांगली आली आहेत. वहिनींना सांग, आमरसासोबत थोडं भरीतही करा, तेल वरून कच्चंच घाला. आणि मायचा तो जुना ताणकाटा माळ्यावर असेल तर काढून ठेव, मला एकदा हातात घ्यायचा आहे.

तुझा,
शमुवेल