गिझरमधल्या पाण्याचे तापमान घरातल्यांना कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीचे दिवस आले की अंघोळीच्या पाण्याचा विषय घरोघरी निघतो आणि त्याबरोबर गिझर मोबाइलवरून चालू-बंद करणाऱ्या स्मार्ट प्लगच्या जाहिरातीही दिसू लागतात. या सोयीला माझा विरोध नाही. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील सौर बंबांची देखभाल पाहताना अशा साधनांचा उपयोग मी स्वतः करून घेतो. मात्र 'स्मार्ट' म्हणून जे सर्रास विकले जाते त्यात एक मूलभूत उणीव आहे आणि तिच्याकडे ग्राहकांचे, वायरमनचे व गिझर बनवणाऱ्या कंपन्यांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. अशा प्लगला वेळ कळते, किती वीज ओढली जात आहे हेही काहींना कळते. टाकीतले पाणी किती तापले आहे, हे मात्र कळत नाही.

केवळ वेळेवर भरवसा ठेवणे का अपुरे आहे, ते साध्या हिशेबाने दिसते. १५ लिटरच्या गिझरमधील पाणी २० अंश सेल्सिअसवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते आणि २००० वॉटच्या कॉइलला त्यासाठी २१ मिनिटे पुरतात. उन्हाळ्यात वरच्या टाकीतून येणारे पाणी मुळातच ३० अंशांचे असेल, तर हेच काम १६ मिनिटांत उरकते. उलट व्होल्टेज २३० ऐवजी २०० वर उतरले, तर तीच कॉइल जेमतेम १५०० वॉट देते, कारण तिची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, आणि तेच पाणी तापायला २८ मिनिटे लागतात. म्हणजे पहाटेचे वेळापत्रक एकदा लावून ठेवले की ते काही महिने जास्त आणि काही महिने कमी पडणार. त्यात आदल्या रात्रीचे किती गरम पाणी टाकीत शिल्लक आहे, हा प्रश्न तर आपण अजून विचारलेलाच नाही.

वीजबचतीच्या दाव्यांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. २० लिटरची एक बादली २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास जवळपास अर्धा युनिट वीज लागतेच. कोणतेही अ‍ॅप ती कमी करू शकत नाही. कमी होऊ शकते ती गिझर विनाकारण तापत राहिल्याने वाया जाणारी उष्णता. गिझरवरील तारांकित लेबलही हीच गळती मोजते: आतील आणि बाहेरील तापमानात ४५ अंशांचा फरक असताना चोवीस तासांत किती युनिट वाया जातात, त्यावरून तारे ठरतात. त्यामुळे ज्या घरात पाच ताऱ्यांचा छोटा गिझर आहे आणि तो आठवणीने बंद केला जातो, तिथे नवे उपकरण बसवून फारसे काही हाती लागणार नाही. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरला तर त्याची गरजच नाही.

खरी बचत आहे ती सौर बंबात, आणि नेमके तिथेच आपले दुर्लक्ष होते. पुणे महापालिका सौर बंबासाठी मिळकतकरात सवलत देते. गच्च्यांवर बंब बसतातही. परंतु त्यांतील विजेची बॅकअप कॉइल कधी लावायची, हे बहुतेक ठिकाणी सवयीने किंवा भीतीने ठरते. 'उद्या सकाळी पाणी गार लागले तर?' या एका शंकेपोटी संध्याकाळी कॉइल चालू केली जाते. वास्तविक हिवाळ्यातील स्वच्छ उन्हाच्या दिवशी संध्याकाळी टाकीतले पाणी चांगले तापलेले असते आणि पफचे (उष्णता अडवणाऱ्या फोमचे) आवरण शाबूत असेल तर पहाटेपर्यंत ते काही अंशांनीच उतरते. आमच्याकडे टाकीचे तापमान गच्चीवर न चढता खालीच वाचता येऊ लागल्यावर कॉइलची सवय आपोआप सुटली. ढगाळ दिवस वगळता ती लावण्याचे कारणच उरले नाही. २०० लिटरच्या टाकीतले पाणी फक्त १० अंशांनी वाढवायला २.३ युनिट लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे रोज सवयीने लागणाऱ्या कॉइलची किंमत कळेल. शिवाय पहाटे कॉइलने तापवलेले पाणी वापरले गेले नाही, तर दिवसभराच्या उन्हाला तापवण्यासाठी गार पाणीच उरत नाही आणि पॅनेल वरच्या वर तापत राहतात. आपण विजेचे पैसे भरून ऊन फुकट घालवतो.

आता हे करायचे कसे, याविषयी थोडे तपशिलाने लिहितो, कारण घाईने केलेली जोडणी न केलेलीपेक्षा वाईट. तापमान मोजण्यासाठी स्टीलच्या नळीत बंद केलेला डीएस१८बी२० हा सेन्सर स्वस्त आहे आणि घरगुती कामाला पुरेसा अचूक आहे. उणे १० ते ८५ अंशांपर्यंत त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते. तो ईएसपी३२सारख्या छोट्या वाय-फाय बोर्डाला जोडता येतो. प्रश्न तो कुठे बसवायचा हा आहे. गरम पाणी वर चढते आणि गार पाणी तळाशी राहते, म्हणून तळाशी लावलेला सेन्सर वर भरपूर गरम पाणी असतानाही 'गार' सांगतो. बाहेर जाणाऱ्या पाइपवर बांधलेला सेन्सर पाणी वाहत नसताना पाइपचेच तापमान सांगतो. सौर बंबाच्या टाकीला सेन्सरसाठी खास नळी असेल तर ती उत्तम. नसल्यास पाइप टाकीतून जिथे बाहेर पडतो तिथेच सेन्सर घट्ट बसवून त्यावर जाड आवरण घालावे आणि आकडा थोडा कमी दिसतो हे गृहीत धरावे. गिझरचे कवच किंवा टाकी मात्र कोणत्याही परिस्थितीत ड्रिल करू नये.

नियंत्रणाच्या बाबतीत एका गोष्टीला पर्याय नाही: नवी रिले (इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारा स्विच) किंवा प्लग हा गिझरच्या मूळ थर्मोस्टॅटच्या (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागाच्या) आणि थर्मल कटआउटच्या (पाणी अति तापल्यास वीज तोडणाऱ्या सुरक्षा भागाच्या) आधी, त्यांच्या जोडीने यावा, त्यांना वगळून कधीही नव्हे. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटून ती कायमची चालू राहणे हा नेहमीचा बिघाड आहे, आणि तो झाला तर मूळ थर्मोस्टॅटनेच पाणी उकळण्यापासून थांबवले पाहिजे. २००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो आणि ३००० वॉटचा १३. त्यामुळे प्लग १६ अँपिअरचाच हवा, आणि '१० अँपिअर' असे लिहिलेल्या छोट्या निळ्या रिलेवर गिझर चालवणे धोक्याचे आहे. तिथे कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त प्रवाहासाठीचा दणकट स्विच, वापरावा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) ही पूर्वअट मानावी आणि काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. सेटिंगमध्ये एक गोष्ट आवर्जून पाहावी, ती म्हणजे वीज जाऊन परत आल्यावर प्लग 'बंद' स्थितीत राहील असे निवडावे. वीज गेली तेव्हा गिझर चालू होता म्हणून ती आल्यावर, घरात कोणी नसताना, तो पुन्हा चालू होणे योग्य नाही. ऑफिसातून निघताना मोबाइलवरून गिझर लावण्याची कल्पना आकर्षक आहे, पण वरची टाकी रिकामी आहे की भरलेली हे तिथून दिसत नाही, आणि पाण्याबाहेर राहिलेली कॉइल जळते. गॅस गिझरला तर दुरून चालू करण्याची कोणतीही व्यवस्था करूच नये. कार्बन मोनॉक्साइडने बंद न्हाणीघरांत माणसे दगावलेली आहेत.

तापमान हाती आले की ते शक्य तितके खाली आणण्याचा मोह होतो. त्यालाही मर्यादा आहे. लेजिओनेला हे न्यूमोनिया घडवणारे जीवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या साठवलेल्या पाण्यात वाढतात, म्हणूनच साठवणीचे गरम पाणी ६० अंशांवर ठेवण्याची शिफारस केली जाते. ढगाळ हवेत दिवसेंदिवस चाळिशीत राहणारी सौर टाकी अधूनमधून कॉइलने ६० अंशांवर नेणे, घरात वृद्ध किंवा आजारी माणसे असल्यास विशेषतः, शहाणपणाचे आहे. मात्र ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसालाही पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजू शकते आणि मुलांना त्याहून लवकर. म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम सोडावे. गरम पाणी भरून ठेवून विसण आणायला वळण्याची सवय लहान मुलांच्या घरात तरी सोडावी.

आणखी एक बाब विजेच्या दराची. केंद्राने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार दिवसातील सौर तासांचा (सौर वीज उपलब्ध असते त्या वेळेचा) दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा अशी तरतूद आहे, आणि स्मार्ट मीटर बसतील तसा हा फरक घरगुती बिलांत दिसणार आहे. पावसाळ्यात सौर बंबाला कॉइलचा आधार लागतोच. तो पहाटे न देता दुपारी, आणि तापमान पाहून जेवढा हवा तेवढाच दिला, तर ग्राहकाचाही फायदा आहे आणि सकाळच्या मागणीचा भारही हलका होतो.

गिझर व सौर बंब बनवणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे की, प्रत्येक टाकीला कारखान्यातच सेन्सरसाठी बंद तोंडाची नळी द्यावी आणि तिचा वापर केल्यास वॉरंटी रद्द होणार नाही असे पुस्तिकेत स्पष्ट लिहावे. ज्या गिझरमध्ये वाय-फाय दिले जाते त्यातील तापमानाचा आकडा कंपनीच्या सर्व्हरवर न जाता घरातल्या घरात, घरातली उपकरणे एकत्र चालवणाऱ्या होम असिस्टंटसारख्या मुक्त प्रणालीला, वाचता आला पाहिजे. इंटरनेट बंद पडले किंवा कंपनीने सेवा थांबवली म्हणून पाणी तापेनासे होता कामा नये, आणि घरातली माणसे कधी अंघोळ करतात याची नोंद परक्याकडे जाण्याचेही कारण नाही. सोसायट्यांच्या व्यवस्थापन समित्यांनी तोवर आपापल्या सौर टाक्यांवर निदान साधा तबकडीचा तापमापक बसवून घ्यावा आणि कॉइलचे बटण दाबण्यापूर्वी तो पाहावा. त्याला वाय-फायची गरज नाही आणि वार्षिक देखभालीच्या वेळी तो सहज बसतो.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे